रुमालाखालचा ताप

रंगनाथ अण्णानं मला फसवलं. अंगात ताप असताना त्यानं रुमालाखाली माझ्या हातात हात दिला आणि ताप आहे हे सांगितलं नाही. पाचव्या दिवशी मी पडलो. नवव्या दिवशी जालन्याच्या सरकारी दवाखान्यात तोंडावर ऑक्सिजनचा मास्क लावून पालथा झोपलेलो होतो.

हे आधी लिहून ठेवतो, कारण पुढं मी जे सांगणार आहे त्यात अण्णा चांगला माणूस वाटायला लागेल. तो होताही. पण गुरांच्या बाजारात तीस वर्षं काढलेल्या माणसाला त्यानं फसवलं, आणि ते त्याच्या नावावर लागलं पाहिजे.

समोर मी त्याला अहो-जाहो करायचो. भांडण झालं की अरे-तुरे. आमचं भांडण अजून मिटलेलं नाही, म्हणून इथं अरे-तुरेच.

पहिला हात

मी जाफराबाद तालुक्यातला, बैलांचा दलाल. ज्यांनी आमचा बाजार पाहिला नाही त्यांना सांगतो की बैलाचा सौदा तोंडानं होत नाही. विकणारा आणि घेणारा समोरासमोर उभे राहतात, एकाच्या खांद्यावरचा रुमाल दोघांच्या हातांवर पडतो आणि आत बोटं बोलतात. कोणतं बोट धरलं, किती बोटं धरली, पंजा दाबला की सोडला, त्यावरून भाव ठरतो. बाहेर घोळका उभा असतो, पण भाव दोघांनाच माहीत. तोंडानं तेवढा वेळ भलतंच चाललेलं असतं.

माझे वडील गावातल्या लोकांची गुरं वळायचे. बैलाचा दात न बघता नुसत्या चालीवरून वय सांगायचे. बाजारात लोक त्यांना जवळ बोलवून विचारायचे, "बघ रे, खोड तर न्हाई ना?" ते बघून सांगायचे. मग सौदा दुसरे लोक करायचे. आमचं घर बौद्ध वस्तीतलं. आजोबांनी धम्म घेतला तरी बाजाराचा रुमाल आमच्या हातांवर पडत नव्हता. वडिलांना चहा मिळायचा, तोही बाजूला ठेवलेल्या कपात, आणि तो कप त्यांनीच विसळून पालथा घालायचा.

मी बाविशीत दलाली सुरू केली. अंबडकडचा एक शेतकरी माझ्या ओळखीनं आला होता. त्याला जसा बैल पाहिजे होता तसा बाजारात एकच होता, रंगनाथ अण्णाचा. अण्णा माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा, गावातला जमीनवाला. मी जवळ गेलो तर म्हणाला, "काय देतो? तोंडानं सांग."

भाव तोंडानं फक्त माझ्यासारख्यालाच विचारायचे.

मी म्हणालो, "अण्णा, सौदा हातानं व्हतो. हात द्यायचा नसंल तर बैल सोडा अन् घरी घेऊन जा."

आजूबाजूचे थांबले. मारामारी झाली असती तरी मी मागं सरणार नव्हतो. अण्णानं माझ्याकडं पाहिलं, मागं उभ्या गिऱ्हाइकाकडं पाहिलं आणि खांद्यावरचा रुमाल काढून हातावर टाकला.

याला मी उपकार म्हणत नाही. त्याला बैल विकायचा होता आणि गिऱ्हाईक माझ्याकडं होतं. पण तो हात मला अजून आठवतो. कोरडा, खरबरीत, अंगठ्याच्या बुडाशी विळ्याचा जुना वण.

त्यानंतर तीस वर्षं तो हात मी दर बाजारी धरला. आज डोळे मिटले की बाजाराचा तो माळ दिसतो, शेणाचा आणि भज्यांच्या कढईचा एकत्र वास येतो, आणि अण्णाचा आवाज ऐकू येतो.

"औंदा कापूस बरा हाये म्हणतेत."

"कुठला बरा? बोंडात अळी निघून राह्यली."

"तुला कुठं कापूस हाये रे अळी बघायला?"

"तुमचाच बघून आलो ना अण्णा. म्हणून तर सांगतो, बैल विका."

तोंडानं हे, आणि आत त्यानं माझं बोट असं पिरगाळलेलं असायचं की डोळ्यांत पाणी यावं. सौदा मोडला तर आम्ही एकमेकांना बापावरून शिव्या द्यायचो. जुळला तर चहा. त्याच्या आईच्या हयातीत त्याच्या घरी माझा कप वेगळा होता. ती गेल्यावर नव्हता. मी तेही लक्षात ठेवलंय, आधीचं आणि नंतरचं, दोन्ही.

काट्या

पहिल्या लाटेत आमच्या वस्तीतली दोन माणसं पुण्याहून चालत, मिळेल त्या वाहनानं घरी आली. तपासणी नाही, काही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी वस्तीच्या रस्त्यावर बाभळीच्या काट्या टाकलेल्या. गावाच्या समितीनं टाकल्या होत्या, आणि समितीत अण्णा होता.

मी काट्यांच्या अलीकडून ओरडलो, "अण्णा, रोग फक्त आमच्याच रस्त्यानं येतो का?"

"समद्यांच्या भल्यासाठी हाये, सुखदेव."

"मंग तुमच्या गल्लीत सरपंचाचा भाचा आलाय मोटारीतून. त्याच्या दारात कुठाय काटी?"

चौदा दिवस आम्ही काट्यांच्या आत राहिलो. दळण बंद, दूध बंद. कुणाला साधा खोकला आला तरी तोंडात पदर कोंबून खोकायची पाळी. मास्क लावा, अंतर ठेवा, हात धुवा, हे सगळं बरोबर होतं. मला तेव्हाही कळत होतं. पण अंतराचा हिशोब आमच्या घरात नवा नव्हता, म्हणून तो शब्द कानावर आला की माझं डोकं फिरायचं.

त्या चौदा दिवसांत सगळं गाव एक गोष्ट शिकलं. ताप आला तर सांगायचा नाही. ही शिकवण पुढं किती माणसांना भोवली ते मी मोजलं नाही. एकाला भोवली ते मला माहीत आहे.

बांधावरचा बाजार

दुसऱ्या लाटेतल्या उन्हाळ्यात गुरांचा बाजार बंद करायचा हुकूम आला. पण शेतकऱ्याला मृगाच्या आधी बैल लागतो, तो हुकूम बघत नाही. मग एका शेताच्या बांधावर, लिंबाखाली, सकाळच्या पारी चोरून बाजार भरायला लागला. पंचवीस-तीस माणसं यायची. प्रत्येकाच्या तोंडाला काहीतरी बांधलेलं, निम्म्यांचं हनुवटीवर. आणि रुमालाखाली हात मात्र पूर्वीसारखेच. तोंडं झाकून हात उघडे ठेवलेली शहाणी माणसं आम्ही.

लसीसाठी मी दोनदा आरोग्य केंद्रात गेलो होतो. दोन्ही वेळा दाराला कागद होता, "लस संपली." तिसऱ्यांदा गेलो नाही. ही चूक माझी.

त्या सकाळी अण्णा हौशा आणि पाखऱ्याला घेऊन आला. ही त्याची घरची जोडी, वासरं असल्यापासून त्यानं वाढवलेली. ती तो कधी विकेल असं कुणाला वाटलं नव्हतं.

"काय अण्णा, जोडी फिरायला आणली का?"

"घेतो का बोल."

त्यानं रुमाल टाकला. मी हात घातला आणि चमकलो. हात गरम होता. तळव्याला घाम, आणि बोटांना बारीक थरथर.

आता मी काय केलं ते नीट लिहितो, कारण ते लपवलं तर बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही. तीस वर्षांत मी हात वाचायला शिकलो होतो. ज्याला नड असते त्याचा हात ओला होतो. ज्याला घाई असते त्याचा हात तापतो. कोरड्या हाताचा माणूस दिवसभर उभा राहील, ओल्या हाताचा अर्ध्या तासात खाली येतो. मी मनात म्हणालो, अण्णा अडलाय. आणि मी भाव पाडला. बोटामागं बोट काढत गेलो. ज्या माणसानं मला कधी एक बोट फुकट दिलं नव्हतं, तो देत गेला. मला आनंद झाला. आम्ही अर्धा तास तसेच उभे होतो, तोंडाजवळ तोंड, एकमेकांचा श्वास घेत.

"अण्णा, तब्येत बरी हाये ना?" मी विचारलंही. पण विचारताना बोट सोडलं नाही.

"ऊन लई हाये," तो म्हणाला.

सौदा झाला. त्यानं दोन्ही बैलांच्या पाठीवरून हात फिरवला आणि चहा न पिता गेला. चहाविना सौदा आमचा तो पहिलाच.

नाकातली काडी

पाचव्या दिवशी अंग मोडून आलं. बायको शांता म्हणाली, "अहो, चला तपासायला." मी म्हणालो, उन्हाचं आहे. म्हणजे तीच थाप, जी मी चार दिवसांपूर्वी ऐकली होती. सातव्या दिवशी भाकरीचा वास येईना. लसणाची चटणी नाकाशी धरली तरी काही नाही. तेव्हा मी घाबरलो. वास न घेता येणारा दलाल काय कामाचा?

आरोग्य केंद्रात नाकात काडी घातली. बोटाला चिमटा लावला. ऑक्सिजनचा आकडा बघून डॉक्टरीणबाई हळू बोलायला लागल्या. डॉक्टर ओरडतात तोवर ठीक असतं. हळू बोलायला लागले की समजायचं.

"काका, जालन्याला जा. आत्ता, उशीर करू नका."

"हितं काही सोय न्हाई का?"

त्यांनी मागच्या बंद खोलीच्या दाराकडं एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "नाही."

ते पाहणं माझ्या लक्षात राहिलं. अर्थ नंतर लागला.

जीपवाला कुणाला बसवून घ्यायला तयार नव्हता. शांतानं त्याला काय सांगितलं मला माहीत नाही, पण तो आला. काचा उघड्या ठेवून, तोंडाला दोन रुमाल बांधून त्यानं आम्हाला नेलं. त्याचं मी चांगलं म्हणतो.

दवाखान्याच्या दारात मी हुज्जत घातली. तेवढीच विद्या मला येते. खाट नाही म्हणाले, मी दारातच बसलो. दम लागत होता तरी भांडत होतो. उन्हं कलल्यावर एक खाट मिळाली. मी त्या वेळी सौदा जिंकल्यासारखा आत गेलो. ती खाट रिकामी कशी झाली हे मी विचारलं नाही. चादर बदलत होते तिकडं मी पाहिलं नाही.

पालथं

वॉर्डातला दिवस सकाळी सहाला सुरू व्हायचा. सगळे पांढऱ्या झग्यात, फक्त डोळे दिसायचे. ओळख पटावी म्हणून पाठीवर पेनानं नाव लिहिलेलं. माझ्या सिस्टरच्या पाठीवर नुसतं "ताई" लिहिलं होतं.

"काका, पालथं झोपा. दोन तास."

"अर्धा तास."

"दोन."

"पाऊण. तुमचं बी ऱ्हाऊ द्या, माझं बी ऱ्हाऊ द्या."

"काका, हितं बैल न्हाई विकायला आलाव तुम्ही. फुप्फुस तुमचं हाये. दोन तास."

तीस वर्षांत माझा एकही सौदा असा एकतर्फी झाला नव्हता. पण पालथं झोपून आकडा चढायचा, हे मी स्वतः पाहिलं. ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांना माझं सांगणं आहे की डॉक्टरांशी घासाघीस करू नका. त्यांच्याकडं कमी करायला काही नसतं.

भीती दुपारी यायची. जेवण झालं की वॉर्ड शांत व्हायचा आणि फक्त ऑक्सिजनची सुरसुर ऐकू यायची. मग मी मनात बाजार भरवायचो. कुठल्या झाडाखाली कोण उभा राहायचा, कुणाच्या बैलाचं शिंग कसं होतं, भज्यांच्या गाडीवर कोण बसलेला, सगळं एकेक जागेवर ठेवायचो. लाल कंधारी गाई एका बाजूला, देवणी दुसऱ्या. अण्णाला लिंबाखाली उभा करायचो आणि त्याच्यावर ओरडायचो. ओरडलं की श्वास बरा यायचा. शांता रोज डबा घेऊन फाटकापर्यंत यायची. खिडकीतून तिची हिरवी साडी दिसायची. फोनवर मी तिला अण्णाच्या नावानं शिव्या ऐकवायचो. ती म्हणायची, "भांडायलात म्हंजे बरे होऊन राह्यले. भांडा."

शेजारच्या खाटेवर एक रिटायर गुरुजी होते. पेपर फोनवर वाचून दाखवायचे.

"सुखदेवराव, ऐका. तिकडं बाहेरच्या देशांत लस घ्या म्हणून लोकांना खाऊपिऊ देऊन राह्यले. तरी लोक नको म्हणतेत."

"अन् आपल्याकडं दाराला कागद."

"आपलं तरी बरं. काही देशांत तर दवाखान्यातल्या सिस्टरलासुद्धा मिळाली न्हाई अजून."

"एवढा माल त्यांनी उचलला कसा, गुरुजी?"

"माल तयार व्हायच्या आधीच आगाऊ पैसे मोजून विसार देऊन ठेवला."

विसार दिला की जनावर दुसऱ्याला दाखवायचंसुद्धा नाही, हा आमच्या बाजाराचा नियम आहे. मी स्वतः तो पाळायला लावलाय, गरीब गिऱ्हाईक पाया पडत असताना. सगळ्या जगाचा बाजार आमच्या माळासारखाच चालतो हे मला त्या खाटेवर कळलं, आणि पहिल्यांदा मी रुमालाच्या बाहेर, बघ्यांच्या घोळक्यात उभा होतो.

गुरुजी माझ्याआधी सुटले. जाताना म्हणाले, "घरी जाऊन पहिलं काम लस. भांडण दुसरं."

फोन

दवाखान्यातल्या सहाव्या दिवशी अण्णाचा फोन आला. आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा.

"सुखदेव, हौशा पेंड खातो का?"

मी तोंडावरचा मास्क बाजूला केला. "अण्णा, मी दवाखान्यात हाये. ऑक्सिजनवर."

"माहीत हाये. हौशाला पेंड भिजवून लागती. कोरडी दिली तर तोंड लावत न्हाई."

"अण्णा, त्या दिवशी तुला ताप व्हता का?"

अरे-तुरे ऐकून तो थांबला. मागून त्याच्या बायकोचा, गोदावरी वहिनींचा आवाज आला, "आता ठिवा की फोन, दम लागून राह्यला तुम्हाला."

"ऊन लई व्हतं रे त्या दिवशी," अण्णा म्हणाला.

मी फोन आपटला. ताईनं येऊन मास्क परत लावला आणि मला पालथं केलं.

त्या फोननंतर तिसऱ्या दिवशी शांतानं डब्यात चिठ्ठी पाठवली. फोनवर सांगायची तिची हिंमत झाली नाही. जालन्याला आणताना अण्णानं जीपमध्येच जीव सोडला होता. त्या दिवशी मी कुणाशी भांडलो नाही. दोन तास सांगितले होते, मी तीन तास पालथा पडून होतो.

कप

घरी आल्यावर डॉक्टरांनी आठ दिवस वेगळं राहायला सांगितलं होतं. शांतानं माझा चहा खिडकीत ठेवला, वेगळ्या कपात. मी तो कप उचलून अंगणात फेकला.

"माझ्या बापानं जन्मभर वेगळ्या कपात चहा पिला. माझ्या घरात मला वेगळा कप?"

शांता आरडाओरडा करत नाही. तिनं तुकडे गोळा केले, दुसरा कप भरून आणला आणि खिडकीत ठेवला.

"मामंजींचा कप जातीनं वेगळा व्हता. तुमचा रोगानं हाये. आठ दिवसांनी मी ह्यो धुऊन फळीवर समद्या कपांत ठिवणार. त्यांचा कुणी ठिवला व्हता का?"

नवव्या दिवशी तिनं तो फळीवर ठेवला. मी पाहत होतो. मग तिनं मला आता लस कधी घ्यायची हे डॉक्टरीणबाईंना विचारायला पाठवलं, आणि तारीख आली तेव्हा हाताला धरून नेलं. रोगाचं अंतर आणि माणसाचं अंतर यांतला फरक मला एका चहाच्या कपानं शिकवला. काट्या टाकणाऱ्यांना कुणी शिकवला असता तर अण्णानं ताप लपवला नसता.

खोकं

पायात बळ आल्यावर मी गोदावरी वहिनींकडं गेलो. बोलायला गेलो होतो, खरं तर जाब विचारायला. त्यांनी पाणी दिलं आणि माझ्याआधी त्याच बोलल्या.

"तुम्हाला राग हाये, मला माहीत हाये. पण ऐका. त्यांना दोन दिवस आधीपासून ताप व्हता. म्हणले, आता सांगितलं तर दारात काट्या पडतील. मीच शिकवलंय म्हणले गावाला. पोरगा पुण्यात अडकलेला. बैलांचं कोण बघणार? म्हणले, मी पडायच्या आधी जोडी सुखदेवच्या दावणीला गेली पाह्यजे. दुसरा कुणी नको."

"मंग तसं सांगायचं ना मला!"

"सांगितलं असतं तर हात दिला असता का तुम्ही?"

मी भाव पाडला तेव्हा तो का देत गेला, ते तेव्हा कळलं. तो सौदा करतच नव्हता. तो बैल सोपवत होता.

मग त्या म्हणाल्या, "जालन्याला निघायच्या आधी दवाखान्यात नेलं व्हतं गावच्या. जीप यायला दोन तास लागले. बाकड्यावर बसून व्हते. तोंड निळं पडून राह्यलं व्हतं. डॉक्टरीणबाई रडत व्हत्या. अन् मागच्या खोलीत मशीन व्हतं."

"कसलं मशीन?"

"हवेतून ऑक्सिजन काढायचं. खोक्यात बंद."

मी उठून तसाच आरोग्य केंद्रात गेलो. खोली उघडायला लावली. एक मोठं खोकं, त्यावर परदेशी अक्षरं, आणि भोवती लाल फीत, फुलासारखी गाठ मारलेली. कुठल्या तरी लांबच्या देशातल्या लोकांनी, कधी न पाहिलेल्या माणसांसाठी ते पाठवलं होतं. विमानानं आलं, ट्रकनं आलं, आमच्या कच्च्या रस्त्यानं आलं. अण्णा बसला होता ते बाकडं भिंतीच्या पलीकडं. मी पावलं टाकली. अकरा. तेवढी अकरा पावलं ते चाललं नाही.

"उद्घाटन व्हायचं होतं," डॉक्टरीणबाई खाली बघत म्हणाल्या. "साहेबांची तारीख मिळत नव्हती. उघडू नका, असा निरोप होता."

"कुणाचा निरोप?"

"वरून."

"बाई, कात्री तुमच्या टेबलावर हाये."

"हो काका," त्या म्हणाल्या. "रोज दिसते."

मी सरपंचाकडं गेलो. तो म्हणाला, आम्ही फक्त हार-नारळ बघायचे. तालुक्याला गेलो. ते म्हणाले, असा कुठलाही लेखी आदेश नाही. लेखी कसा असेल? असल्या गोष्टी रुमालाखालीच ठरतात.

लाट ओसरल्यावर उद्घाटन झालं. मंडप, हार, फोटो. मलाही खुर्ची दिली, बरा झालेला रुग्ण म्हणून. फीत कापायला कात्री उचलली तेव्हा मी उभा राहिलो आणि विचारलं, "थांबा म्हणून कुणी सांगितलं व्हतं?" दोघांनी मला दंडाला धरून मंडपाबाहेर नेलं. टाळ्या वाजल्या, त्या मी रस्त्यावरून ऐकल्या.

आता

बाजार पुन्हा भरतो. पण नवी पोरं रुमाल टाकत नाहीत. फोनवर आकडा टाइप करून समोर धरतात, समोरचा खोडून दुसरा टाकतो. स्वच्छ आहे, मी नाव ठेवत नाही. पण बोटं बोलायची थांबली, आणि माझ्या हातात जे होतं ते शिकवायला आता कुणाचा हात नाही.

हौशा आणि पाखऱ्या माझ्याकडंच आहेत. दलाल जनावर आठवडाभर ठेवत नाही, मी त्यांना इतकी वर्षं ठेवलंय. म्हातारे झालेत. हौशाची पेंड अजून भिजवूनच लागते. तो खात असला की मी त्याच्याजवळ उभा राहून अण्णाला शिव्या देतो. तो कान हलवतो.

त्या मशीननं अण्णा वाचलाच असता, असं मी म्हणत नाही. डॉक्टरीणबाईही म्हणत नाहीत. त्या एवढंच म्हणतात की जीप येईपर्यंतचे ते दोन तास, आणि पुढचा रस्ता, त्याला श्वास मिळाला असता. मला तेवढं पुरे आहे.

आता हिशेब असा आहे. अण्णानं ताप लपवला, त्यानं त्याची किंमत दिली. मी तापलेला हात धरला आणि जिंकायच्या नादात तो ओळखला नाही, ते मी वर माझ्या हातानं लिहून दिलंय, माझ्या नावासकट. आमचं दोघांचं उत्तर देऊन झालं. उरला तो, ज्यानं फितीसाठी खोकं बंद ठेवायला सांगितलं. तो कुणीतरी एक माणूस आहे. "वरून" नावाचा माणूस नसतो. त्यानं गावात यावं, त्या बाकड्यासमोर उभं राहावं, गोदावरी वहिनींच्या समोर. मी रुमाल घरी ठेवून येईन. त्यानं हात उघडा ठेवावा आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, तोंडानं सांगावं.